मिटिंगचा पत्ता

दारू सोडू पाहणाऱ्यांची मिटिंग म्हणजे ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या खोलीत जमणारी काही माणसे. त्यांतल्या प्रत्येकाची दारू कधी ना कधी हाताबाहेर गेलेली असते. कुणाची सुटून वीस वर्षे झालेली असतात, तर कुणी काल रात्रीपर्यंत पीत असतो. तासा-दीड तासात एकेक जण आपली हकीकत सांगतो आणि बाकीचे ऐकतात. मध्ये कुणी तोडत नाही, उपदेश करत नाही, हिशेब मागत नाही. मग चहा होतो आणि माणसे घरी जातात. तिथे डॉक्टर नसतो, समुपदेशक नसतो, फी नसते. व्यसनमुक्ती केंद्र आणि ही मिटिंग यांत लोक नेहमी गल्लत करतात. केंद्रात माणूस काही आठवडे दाखल होतो, उपचार घेतो आणि बाहेर पडतो. बाहेर तेच घर, तोच नाका, तेच मित्र आणि पगाराचा तोच दिवस त्याची वाट पाहत असतात. मिटिंग या नंतरच्या आयुष्यासाठी असते. म्हणून कामावरून सुटल्यावर पायी किंवा एका बसने गाठता येईल अशी मिटिंग सापडणे हा उपचारातला मोठा टप्पा आहे. डिस्चार्जच्या कागदावर तो शेवटच्या ओळीत लिहिला जातो आणि बहुतेक वेळा तिथेच राहतो.

या साऱ्याची सुरुवातही एका शोधानेच झाली. मे १९३५ मध्ये न्यूयॉर्कचा बिल विल्सन हा शेअर बाजारातला माणूस धंद्याच्या कामासाठी अमेरिकेतल्या ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन शहरात आला होता. व्यवहार फिसकटला. काही महिन्यांपूर्वीच दारू सोडलेला हा माणूस मेफ्लॉवर हॉटेलच्या लॉबीत एकटा उभा होता. एका बाजूने बारमधला गलबला कानावर येत होता. दुसऱ्या बाजूला टेलिफोन होता आणि त्याच्याजवळ शहरातल्या चर्चची यादी होती. त्याने फोन उचलला. दारूशी झगडणारे दुसरे कुणी या गावात भेटेल का, एवढेच त्याला विचारायचे होते. एकाकडून दुसऱ्याकडे असे फोन होत होत तो डॉ. बॉब स्मिथ या शल्यचिकित्सकापर्यंत पोहोचला. पंधरा मिनिटांच्या बोलीवर आलेले डॉक्टर त्याच्याशी सहा तासांहून अधिक वेळ बोलत बसले. डॉक्टरांनी दारूचा शेवटचा घोट घेतला तो दिवस १० जून १९३५ हा मानतात आणि अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची, म्हणजे ‘एए’ची, स्थापनाही त्याच दिवशी झाली असे धरतात. विल्सन डॉक्टरांना सुधारायला गेला नव्हता. स्वतःला दारूपासून लांब ठेवायचे तर दुसऱ्या पिणाऱ्याशी बोलणे त्याला भाग होते. मिटिंगचे सगळे तत्त्व एवढ्यात येते. सांगणाऱ्याला ऐकणाऱ्याची जितकी गरज, तितकीच ऐकणाऱ्याला सांगणाऱ्याची. पहिल्यांदा दार उघडणाऱ्याला वाटते की आपण मदत मागायला आलो. आतल्या जुन्या सदस्यांसाठी मात्र तोच मदत घेऊन आलेला असतो.

१९३९ साली ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ याच नावाचे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि त्यात बारा पायऱ्या लिहिल्या गेल्या. दारूपुढे आपण हतबल आहोत, हे कबूल करण्यापासून त्या सुरू होतात. आपल्या चुकांचा प्रामाणिक आढावा, दुखावलेल्यांची भरपाई आणि शेवटी इतर मद्यपाशींपर्यंत हा निरोप पोहोचवणे अशा क्रमाने त्या पुढे जातात. गट कसे चालावेत हे सांगणाऱ्या बारा परंपरा १९५० मध्ये क्लीव्हलंडच्या अधिवेशनात स्वीकारल्या गेल्या. पत्ता शोधणाऱ्याने या परंपरा थोड्या तरी समजून घ्याव्यात, कारण मिटिंग सहज का दिसत नाही याचे उत्तर त्यांतच आहे. दारू सोडण्याची इच्छा ही सदस्यत्वाची एकच अट आहे. गट बाहेरच्या देणग्या घेत नाही. मिटिंगमध्ये फिरणाऱ्या पिशवीत सदस्य जे टाकतील त्यावरच भाडे आणि चहा भागतो. कोणत्याही केंद्राला, पक्षाला किंवा पंथाला गट आपले नाव देत नाही. वर्तमानपत्रात किंवा पडद्यावर कुणीही सदस्य म्हणून आपले पूर्ण नाव जाहीर करत नाही. जाहिरातीला पैसा नाही, जाहिरात करायला चेहरा नाही आणि मिरवायला देणगीदार नाही. अशा संघटनेचा फलक चौकात लागत नाही.

भारतात एए रुजली ती मुंबईत, १९५७ साली. मुंबई राज्यात तेव्हा १९४९चा दारूबंदी कायदा अमलात होता. कायद्याने दारू बंद असलेल्या शहरात दारू न सुटणाऱ्यांनी जमावे, ही गोष्ट वरवर विचित्र वाटते. पण बंदीने दुकानाला कुलूप लागते, शरीराला लागलेली ओढ कुलपाला जुमानत नाही. त्या काळातल्या हातभट्ट्यांनी हे मुंबईला पुरेपूर दाखवले. एएचे भारतातले मध्यवर्ती कार्यालय आजही मुंबईत आहे आणि शहरात व उपनगरांत मराठी, हिंदी, इंग्रजी अशा वेगवेगळ्या भाषांतल्या मिटिंगा चालतात. त्या बहुधा महापालिकेच्या शाळेचा वर्ग, चर्चचा हॉल किंवा एखाद्या संस्थेची रिकामी खोली अशा ठिकाणी भरतात. चर्चच्या आवारातल्या मिटिंगमुळे ही ख्रिस्ती लोकांची गोष्ट आहे असा समज अनेक मराठी घरांत आढळतो. तो चुकीचा आहे. चर्च जागा देते, धर्म शिकवत नाही. पायऱ्यांमध्ये ईश्वराचा उल्लेख येतो, पण ‘आपल्याला उमगेल तसा’ या मोकळिकीसह येतो. विठ्ठल मानणारा, अल्ला मानणारा आणि काहीच न मानणारा हे तिघेही एका बाकावर बसू शकतात.

एएच्या विचारातून पण तिच्याबाहेर उभी राहिलेली कामेही महाराष्ट्रात आहेत. फादर जो परेरा यांनी १९८१ साली वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमधून ‘कृपा फाउंडेशन’ सुरू केले. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने २९ ऑगस्ट १९८६ रोजी ‘मुक्तांगण’ उभे केले. मुक्तांगणमधून बाहेर पडलेल्यांसाठी गावोगावी पाठपुरावा बैठका होतात. एएचा गट जवळ नसलेल्या कित्येकांना पहिला पत्ता अशा बैठकीचाच मिळतो. गट वेगळे, नावे वेगळी, पण बसण्याची रीत बरीचशी तीच असते.

गरज किती आहे, हे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत दिसते. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या ‘एम्स’ने ती केली. तिच्या अंदाजानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि त्यांपैकी ५ कोटी ७० लाखांना मदतीची गरज आहे. दारूवर पूर्ण अवलंबून झालेल्या दर ३८ जणांमध्ये केवळ एकाला कसला ना कसला उपचार मिळाल्याचे त्यात नोंदले आहे. उरलेल्या ३७ जणांत गरीब आहेत तसे सुखवस्तूही आहेत, खेड्यातले आहेत तसे शहरातलेही आहेत. कित्येकांच्या घरापासून दोन गल्ल्यांवर मिटिंग भरत असेल आणि त्यांना त्याचा पत्ताच नसेल.

पत्ता शोधण्याआधी मात्र एक गोष्ट पाहावी लागते आणि तिथे घाई जिवावर बेतू शकते. रोज सकाळपासून पिणाऱ्याने, किंवा दारू न मिळाल्यास ज्याचे हात थरथरतात त्याने, घरच्या घरी एकदम दारू बंद करू नये. शेवटच्या घोटानंतर काही तासांतच थरथर, घाम, मळमळ आणि अस्वस्थता सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या सुमारास काही जणांना भास होतात, माणसे ओळखू येत नाहीत, ताप चढतो. उपचार मिळाला नाही तर या अवस्थेत मृत्यूही येतो. योग्य औषधांनी आणि ब-१ जीवनसत्त्वाच्या इंजेक्शनांनी हा काळ सुखरूप पार पाडता येतो. जिल्हा रुग्णालय, वैद्यकीय महाविद्यालयाचा मनोविकार विभाग किंवा ओळखीचा डॉक्टर, यांपैकी कुणाला तरी आधी गाठावे आणि किती पितो ते खरे सांगावे. मिटिंग या टप्प्याला पर्याय नाही आणि जाणते सदस्य नवख्याला हेच सांगतात.

दारू थांबवण्याची गोष्ट निघाली की श्रावणाचाही विषय निघतो. गटारीला मनसोक्त पिऊन श्रावणभर दारूला न शिवणारे पुरुष महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. ‘मी महिनाभर सोडतोच की, म्हणजे मला व्यसन नाही’ हा त्यांचा युक्तिवाद घरोघरी ऐकू येतो. मद्यपाशाची परीक्षा मात्र थांबण्यात होत नसते, पुन्हा सुरू केल्यावर आवरता येते की नाही यात होत असते. श्रावण संपल्यावर पहिल्याच बैठकीत ज्याची बाटली रिकामी होते, त्याने महिनाभराच्या संयमाचा दाखला देऊ नये. मिटिंगमध्ये बसल्यावर हे त्याला कुणी पटवून द्यावे लागत नाही. तीच कथा त्याला दुसऱ्याच्या तोंडून ऐकू येते.

आता प्रत्यक्ष शोध. एएच्या भारतातल्या संकेतस्थळावर आणि मदत क्रमांकांवर शहरवार गटांची माहिती मिळते. मुंबई-पुण्यासारख्या ठिकाणी गटांना जोडणारी ‘इंटरग्रुप’ कार्यालये ती ठेवतात. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीसाठीची निःशुल्क हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठीची ‘टेली मानस’ १४४१६ यांवरून जवळच्या केंद्राची व उपचारांची वाट कळते. टेली मानसवर मराठीत बोलता येते. पण यादीतली ओळ आणि चालू मिटिंग यांत अंतर असते. शाळेच्या वर्गात भरणारी मिटिंग परीक्षेच्या किंवा निवडणुकीच्या दिवसांत दुसरीकडे हलते, एखादा गट वार बदलतो, एखादा बंदही पडतो. म्हणून यादी पाहून थेट निघण्यापेक्षा आधी फोन करून मिटिंग नक्की आहे ना, कोणत्या वारी, किती वाजता, हे विचारावे. शाळेचे कोणते फाटक रात्री उघडे असते, खोली कोणत्या मजल्यावर आहे, हे प्रश्न क्षुल्लक वाटतात. पण अंधारात बंद फाटकापाशी दोन मिनिटे उभे राहून परत फिरलेला माणूस कदाचित पुन्हा येत नाही, त्याचे पाय वाटेतल्या ओळखीच्या दुकानाकडे वळतात. शक्य असेल तर गटातल्या कुणी रस्त्यावर भेटून आत न्यावे, अशी विनंती करावी. ती सहसा नाकारली जात नाही, कारण विनंती ऐकणाराही कधीतरी त्याच फाटकापाशी घुटमळलेला असतो.

फोनवरच आणखी एक गोष्ट विचारायची असते. काही मिटिंगा ‘क्लोज्ड’ असतात, म्हणजे ज्यांना स्वतःला दारूचा प्रश्न आहे त्यांच्यापुरत्या. ‘ओपन’ मिटिंगला कुणीही बसू शकतो. पत्नी, भाऊ, डॉक्टर, विद्यार्थी अशा सगळ्यांना तिथे मोकळीक असते. नवऱ्याला घेऊन आलेल्या बाईला दारावर थांबवले तर तिला अपमान वाटतो. आधी विचारले असते, तर ती ओपन मिटिंगचा वार निवडू शकली असती.

आत गेल्यावर घडते ते साधे असते. बोलणारा आपले पहिले नाव सांगतो आणि ‘मी मद्यपाशी आहे’ असे म्हणून सुरू करतो. नवख्याने बोललेच पाहिजे असे नाही. नुसते नाव सांगून ‘आज ऐकतो’ म्हटले तरी चालते. प्यालेल्या माणसालाही बसू देतात. त्याने मिटिंगमध्ये गोंधळ घालू नये, एवढीच अपेक्षा असते. इथे ऐकलेले इथेच ठेवायचे हा नियम सगळे पाळतात, आणि लहान गावात जिथे सगळे सगळ्यांना ओळखतात तिथे या नियमावर गटाचा जीव असतो. अनामिकपणा म्हणजे लपूनछपून काही करणे नव्हे. बोलणाऱ्याला नोकरी, जात, हुद्दा आणि अब्रू दाराबाहेर ठेवता यावी म्हणून केलेली ही व्यवस्था आहे. कंपनीतला साहेब आणि त्याच कंपनीतला शिपाई एका खोलीत नुसत्या पहिल्या नावांनी बसतात, ही गोष्ट आपल्या समाजात दुसरीकडे फार कमी ठिकाणी दिसते.

पहिली मिटिंग आवडेलच असे नाही. एखाद्या गटात वयस्कर माणसेच असतात, एखाद्यात भाषा जड जाते, एखाद्यात एकच जण फार बोलतो. एका गटावरून सगळ्या मिटिंगांचा निकाल लावू नये. निदान पाच-सहा वेगवेगळ्या मिटिंगांना बसून मग ठरवावे. नव्वद दिवसांत नव्वद मिटिंगा करण्याचा सल्ला जुने सदस्य नवख्याला देतात. रोजंदारीवरच्या माणसाला तो झेपत नाही आणि छोट्या गावात तेवढ्या मिटिंगाच नसतात. पण सुरुवातीचे तीन महिने जमेल तितक्या वेळा जावे, हा त्यामागचा अनुभव खरा आहे. काही आठवड्यांत ‘स्पॉन्सर’, म्हणजे सोबत करणारा जुना सदस्य, मिळतो. मोह झाला तर फोन करायचा तो याला, घोट घेण्याआधी. पुन्हा प्यायले गेले तर त्याला मिटिंगच्या भाषेत ‘स्लिप’ म्हणतात आणि त्यानंतर परत येणाऱ्याला कुणी जाब विचारत नाही. घरात, ऑफिसात, सासरी जाब विचारणारे पुष्कळ असतात.

हे सगळे नुसत्या श्रद्धेवर चालले आहे काय, हा प्रश्न रास्त आहे. २०२० मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या संस्थेने २७ अभ्यासांचा आणि १०,५६५ व्यक्तींच्या माहितीचा आढावा प्रसिद्ध केला. ठरावीक पद्धतीने राबवलेले आणि माणसाला एएशी जोडून देणारे उपचार, सलग दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरले. बाकीच्या बहुतेक निकषांवर ते निदान त्यांच्या बरोबरीचे दिसले. मिटिंग प्रत्येकाला लागू पडत नाही, हेही तितकेच खरे आहे. औषधे, समुपदेशन आणि मिटिंग यांत भांडण लावण्याचे कारण नाही. मिटिंगला जातो म्हणून डॉक्टरांची गोळी परस्पर बंद करणे चुकीचे आहे.

मराठी घरांत मिटिंगचा पत्ता शोधणारी व्यक्ती बहुतेकदा स्वतः पिणारी नसते. ती पिणाऱ्याची बायको, आई किंवा मोठी मुलगी असते. तिच्यासाठी वेगळी जागा आहे, हे तिला कुणी सांगत नाही. विल्सनची पत्नी लोइस हिच्या पुढाकाराने १९५१ साली मद्यपाशींच्या नातेवाइकांसाठी ‘अल-अनॉन’ सुरू झाले. किशोरवयीन मुलांसाठी १९५७ मध्ये ‘अलाटीन’ निघाले. मुक्तांगणमध्ये पत्नींसाठी ‘सहचरी’ गट आहे. नवऱ्याने दारू सोडली नाही तरी या गटांना जाता येते, किंबहुना तेव्हाच जायला हवे. बाटल्या लपवणे, ऑफिसात खोटे निरोप देणे, उधारी फेडणे यांत वर्षे घालवलेल्या बाईला तिथे पहिल्यांदा कळते की त्याची दारू तिच्यामुळे नव्हती आणि तिच्या हाताने ती सुटणारही नाही. पिणाऱ्या स्त्रियांची अडचण याहून बिकट आहे. पुरुषांनी भरलेल्या खोलीत रात्री आठ वाजता एकटीने जाणे बहुतेकींना शक्य नसते. मोठ्या शहरांतले मोजके महिला गट आणि ऑनलाइन मिटिंगा हाच त्यांच्यासाठी आजचा मार्ग आहे, आणि तो अपुरा आहे.

बहुतेक खेड्यांत तर पत्ता शोधायला मिटिंगच नसते. तिथे दारू सोडण्याची जुनी वाट माळेची. तुळशीची माळ घालून माळकरी झालेल्या आणि नंतर दारूला न शिवलेल्या माणसांची उदाहरणे गावोगावी आहेत. भजनी मंडळाची नित्याची सोबत हे तिचे बळ आहे. पण माळ घातलेल्याचा पाय घसरला तर ते सांगायला त्याला जागा उरत नाही. तो माळ काढून ठेवतो आणि मंडळापासून दूर होतो. मिटिंग नेमकी त्या क्षणासाठी असते. गडचिरोलीत वेगळा मार्ग शोधला गेला. जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे आणि डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या सहभागाने २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘मुक्तिपथ’ उपक्रमात गावाच्या संघटनेबरोबरच तालुक्याच्या ठिकाणी दवाखाने आणि गावांत उपचार शिबिरे घेतली जातात. ज्या तालुक्यातून शेवटची एसटी संध्याकाळी सुटते, तिथे शहरातल्या रात्रीच्या मिटिंगची यादी निरुपयोगी आहे, हे या कामाने ओळखले.

करोनाच्या टाळेबंदीत मिटिंगा फोनच्या पडद्यावर आल्या आणि पुढेही चालू राहिल्या. मिटिंग नसलेल्या गावातला माणूस आता दुसऱ्या गावातल्या मिटिंगला बसू शकतो. दुबई, लंडन किंवा न्यूजर्सीतल्या मराठी माणसाला स्थानिक मिटिंग सहज सापडते, पण तिथे आपल्या भाषेत रडता येत नाही. ऑनलाइन मिटिंगने त्याचीही सोय केली. तरी ज्याला जवळची खोली गाठणे शक्य आहे त्याने खोलीच निवडावी. पडदा बंद करून उठता येते. शेजारी बसलेल्याच्या हातातला चहाचा कप मात्र तो हात आता थरथरत नाही हे दाखवतो, आणि नवख्याला ते पाहण्याची गरज असते.

जिथे काहीच नाही तिथे सुरुवात करता येते. एएच्या परंपरेनुसार दारूमुक्त राहण्यासाठी दोघे-तिघे मद्यपाशी एकत्र आले तरी त्यांना स्वतःला गट म्हणवता येते. बाहेरच्या कुणाशी गट म्हणून बांधिलकी असू नये, एवढेच पथ्य आहे. त्यासाठी परवानगी, नोंदणी किंवा पैसे लागत नाहीत. आठवड्याचा एक वार, एक तास आणि दोन खुर्च्या लागतात. शाळा, ग्रामपंचायत, ग्रामीण रुग्णालय किंवा देवळाचा सभामंडप ज्यांच्या हाती आहे त्यांनी आठवड्यातून एक तास ती जागा द्यावी आणि कोण आले, कोण गेले ते विचारू नये. पत्ता हवा असणाऱ्यांसाठी १४४४६ आणि १४४१६ हे दोन्ही क्रमांक निःशुल्क आहेत.